गुळाचे रोजचे दर एपीआयमधून डेटाबेसमध्ये : एकही दिवस न गमावता हे कसे साधावे?

करवीरवासी

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या आमच्या भागातील काही गुऱ्हाळमालक आणि ऊसउत्पादक मिळून गुळाच्या दरांची स्वतःची नोंद ठेवू पाहत आहेत आणि तिचे तांत्रिक काम माझ्याकडे आले आहे. दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघाले की पुढे हंगामभर प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आज दर काय निघाला?" त्याचे उत्तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते, पण ते कुठेही साठत नाही. गेल्या हंगामात याच आठवड्यात कोल्हापूर आणि सांगली यांच्या दरांत किती अंतर होते, असे कोणी विचारले तर आठवणीवर विसंबावे लागते.

केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर ॲगमार्कनेट या सरकारी व्यवस्थेतले रोजचे बाजारभाव एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या सोयीतून, मिळतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत (दर्जा), तारीख आणि किमान, कमाल व मोडल असे तीन दर असतात. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस मला पुरेसे येतात. अडचण अशी की या यादीत चालू दिवसाचेच दर असतात. कालचा दिवस निसटला, तर तो आज त्याच पत्त्यावर मागून मिळत नाही.

माझा विचार एपीआयमधून आलेली नोंद सरळ अंतिम टेबलात घालण्याचा आहे. स्क्रिप्ट दोनदा चालली तरी नोंदी दुप्पट होऊ नयेत आणि ती मध्येच बंद पडली तरी तो दिवस हातचा जाऊ नये, एवढे साधायचे आहे. ही रचना पुरेल का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

सर्वांत आधी एपीआय वापरण्यासाठी स्वतःची की (प्रवेशाचा सांकेतिक शब्द) काढून घ्या. संकेतस्थळावर नमुन्यादाखल दिलेल्या कीवर एका मागणीला जास्तीत जास्त १० नोंदीच मिळतात, आणि पहिल्या दिवशी सगळे नीट चालले आहे असे वाटत राहते.

उद्यमनगरी

करवीरवासी, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण 'एपीआयमधून सरळ अंतिम टेबलात' या रचनेला माझा ठाम विरोध आहे. मी कारखान्यांच्या यंत्रांवरील मोजमापे डेटाबेसमध्ये आणण्याचे काम करतो. तिथे पाळतो तो पहिला नियम असा की, आलेला प्रतिसाद कोणताही बदल न करता आधी साठवायचा आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम त्यानंतर वेगळ्या टप्प्यात करायचे.

यासाठी एक कच्चे टेबल करा. त्यात मागणी केल्याची वेळ, मागणीचे घटक, एचटीटीपीचा स्थितिक्रमांक (मागणीचे काय झाले हे सांगणारा सर्व्हरचा आकडा) आणि प्रतिसादाचा संपूर्ण मजकूर एवढेच असावे. मजकुराचा कॉलम 'टेक्स्ट' प्रकारचाच ठेवा, 'जेसनबी' (जेसन या मांडणीतल्या माहितीसाठीचा पोस्टग्रेसचा प्रकार) नको. जेसनबी मोकळ्या जागा आणि घटकांचा क्रम जपत नाही, एकच घटक दोनदा आला असेल तर त्यातला शेवटचाच ठेवतो, आणि मजकूर वैध जेसन नसेल तर तो स्वीकारतच नाही. सरकारी असो वा खासगी, पुष्कळ सर्व्हर अडचणीच्या वेळी २०० हा यशाचा क्रमांक देऊन आत एचटीएमएलचे पान पाठवतात. ते पान तुमच्याकडे जसेच्या तसे राहिले पाहिजे, कारण त्या संध्याकाळी काय बिघडले होते याचा तो एकमेव पुरावा असतो. कारखान्याच्या काट्यावरची पावती शेतकरी हिशेब पुरा होईपर्यंत जपून ठेवतो, त्याच कारणाने हे कच्चे टेबल जपायचे.

तुमच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण तुमचा स्रोत कालचा दिवस परत देत नाही. समजा, तारीख वाचण्याच्या कोडमधली चूक दोन महिन्यांनी लक्षात आली. कच्चा मजकूर हाताशी असेल तर कोड दुरुस्त करून सगळे दिवस एका रात्रीत पुन्हा वाचता येतील. तो नसेल तर ते दोन महिने गेलेच.

आणखी एक धोका लक्षात असू द्या. या एपीआयची की पत्त्याच्या आतच, प्रश्नचिन्हानंतरच्या घटकांत जाते. त्यामुळे संपूर्ण पत्ता लॉगमध्ये किंवा कच्च्या टेबलात लिहिलात, तर कीही तिथे लिहिली जाते. ती वगळून बाकीचे घटक साठवा, आणि की कोडमध्ये न ठेवता पर्यावरण चलात (कोडबाहेर, यंत्राच्या मांडणीत ठेवलेल्या मूल्यात) ठेवा.

कागलची_लेक

उद्यमनगरी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याला जोडून मागणी करण्याच्या टप्प्याविषयी थोडे लिहिते.

पायथॉनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) आपण दिला नाही तर तो नसतोच. सर्व्हरने जोडणी स्वीकारली आणि पुढे उत्तरच दिले नाही, तर स्क्रिप्ट तशीच ताटकळत राहते. ती बंद पडलेली नसते, त्यामुळे त्रुटीही नोंदली जात नाही, आणि स्क्रिप्टची दुसऱ्या दिवशीची फेरी सुरू होते तेव्हाही कालची जिवंत असते. म्हणून जोडणीसाठी वेगळा आणि उत्तरासाठी वेगळा असे दोन्ही टाइमआउट द्यावेत, आणि लिनक्सवर 'एफलॉक' वापरून एका वेळी एकच फेरी चालेल अशी व्यवस्था करावी.

पुन्हा प्रयत्न करताना चुकांचे प्रकार वेगळे केलेच पाहिजेत. क्रमांक पाचशेच्या घरातला असेल किंवा जोडणीच तुटली असेल, तर थोडे थांबून पुन्हा मागावे, आणि थांबण्याचा काळ दर खेपेस साधारण दुप्पट करत त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा. ४२९ आला तर आपण फार वेगाने मागत आहोत असा त्याचा अर्थ आहे. प्रतिसादाच्या शीर्षभागात 'रिट्राय आफ्टर' दिले असेल तर ते पाळावे. ४०१ किंवा ४०३ आला तर मात्र पुन्हा पुन्हा मागण्यात अर्थ नाही, तिथे कीच तपासावी लागेल आणि तसा संदेश माणसापर्यंत पोचला पाहिजे.

सध्या_पुण्यात

मी मूळचा गडहिंग्लजचा, सध्या पुण्यात हेच काम करतो. एवढे टप्पे होणार असतील तर एअरफ्लो (कामांचे टप्पे ठरल्या वेळी आणि क्रमाने चालवणारे सॉफ्टवेअर) वापरणे योग्य ठरेल असे माझे मत आहे. पुन्हा प्रयत्न, टप्प्यांमधले अवलंबित्व, कोणती फेरी कधी चालली याचा इतिहास आणि ते सगळे पाहण्यासाठी पडदा, हे त्यात तयार मिळते. एअरबीएनबीमध्ये २०१४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आता अपाचे प्रतिष्ठानकडे आहे आणि तो मुक्तस्रोत आहे. आज एक स्रोत आहे, उद्या पाऊस येईल, परवा साखरेचे दर येतील, तेव्हा पाया आधीच घातलेला बरा.

उद्यमनगरी

सध्या_पुण्यात, तुमच्या कार्यालयात ते योग्यच असेल, पण इथे मी त्याची शिफारस करणार नाही. एअरफ्लो चालवायचा म्हणजे त्याचा स्वतःचा डेटाबेस, शेड्यूलर आणि वेब सर्व्हर सतत चालू ठेवायचे आणि त्यांच्या आवृत्त्याही सांभाळायच्या. गुऱ्हाळमालकांच्या गटाकडे ते सांभाळायला वेगळा माणूस नाही. दिवसाला एक मागणी आणि तीन टप्पे एवढ्या कामाला लिनक्सवर ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर पुरतो. सिस्टमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' हा पर्याय सुरू ठेवला, तर यंत्र बंद असताना चुकलेली फेरी यंत्र सुरू होताच चालवली जाते. साध्या क्रॉनमध्ये ती सोय नाही.

सध्या_पुण्यात

टायमरचा मुद्दा मान्य आहे. पण मग अपयशाची सूचना देण्याची व्यवस्था तुम्हाला स्वतः लिहावी लागेल, आणि पुष्कळदा नेमकी तीच राहून जाते, एवढे मी आग्रहाने सांगेन.

निवृत्त_सांख्यिकी

माझे आयुष्य आकडेवारीच्या कामात गेले, संगणकाचे बारकावे तुम्ही तरुण मंडळी जाणता. मला आकड्यांच्या अर्थाविषयी काही सांगायचे आहे, कारण अर्थ बिघडला तर उत्तम रचनाही दिशाभूल करते.

पहिली गोष्ट, बाजार बंद असलेल्या दिवशी दर शून्य नसतो, दर नसतोच. साप्ताहिक सुट्टी, सण किंवा हमालांचा बंद अशा दिवशी टेबलात शून्य घातले, तर महिन्याची सरासरी खाली येईल आणि गुळाचा बाजार पडला असे कोणीतरी छातीठोकपणे सांगेल. मात्र 'बाजार बंद होता' आणि 'बाजार चालू होता पण आपली फेरी चुकली' हे दोन दिवस टेबलात सारखेच रिकामे दिसतात. यांतला भेद उद्यमनगरी यांच्या कच्च्या टेबलामुळेच कळतो. त्या दिवशी यशस्वी मागणी झाली होती आणि यादीत आपला बाजार नव्हता, असे ते टेबल सांगू शकते. यादीत ज्या बाजार समित्यांनी माहिती भरली त्यांच्याच नोंदी येतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, मोडल दर म्हणजे सरासरी दर नव्हे. ज्या दराने बहुतांश व्यवहार झाले तो मोडल दर होय. किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मी केली, तर जो आकडा येईल तो कोणत्याही सौद्यात निघालेला नसेल. शिवाय तुम्ही दिलेल्या घटकांच्या यादीत आवक नाही. आवकेशिवाय कोल्हापूर आणि सांगलीचे दर एकत्र करून 'जिल्ह्यांची सरासरी' काढणे गैर आहे, कारण दोन हजार रव्यांचा (गुळाच्या ढेपांचा) बाजार आणि दोनशे रव्यांचा बाजार त्यात समान धरले जातील.

तिसरी गोष्ट एककाची. एपीआयमधले दर क्विंटलला रुपये असे आहेत, आणि आपल्याकडे बोलणे रव्यावर चालते. १० किलोचा रवा वेगळा, ३० किलोचा वेगळा. डेटाबेसमध्ये क्विंटलच ठेवावे, कॉलमच्या नावातच एकक लिहावे आणि रूपांतर फक्त दाखवताना करावे. दरासाठी 'न्यूमेरिक' प्रकार वापरावा, तरंगत्या दशांशाचा नको. पैशाच्या हिशेबात अंदाजे आकड्याला जागा नाही.

करवीरवासी

मनापासून आभार. शून्य आणि 'नोंद नाही' यांतला भेद माझ्या आराखड्यात नव्हता, तो आता पायाशीच घालतो. कच्चे टेबलही नक्की केले. तारखेविषयी कोणी मार्गदर्शन करेल का? एपीआयमध्ये ती दिवस, महिना, वर्ष या क्रमाने तिरप्या रेघा देऊन येते.

पन्हाळा_पायथा

तारीख डेटाबेसच्या अंदाजावर सोडू नका. '०३/०४' ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, हे पोस्टग्रेस स्वतःच्या 'डेटस्टाइल' या मांडणीवरून ठरवते, आणि दोन यंत्रांवर ती मांडणी वेगळी असू शकते. बारा तारखेपर्यंत चूक दिसत नाही, तेराव्या दिवशी त्रुटी येते. तोपर्यंतचे दिवस चुकीच्या महिन्यांत जाऊन बसलेले असतात. पायथॉनमध्येच क्रम स्पष्ट सांगून तारीख वाचा आणि वर्ष आधी येणाऱ्या रूपात पुढे द्या.

वेळेचेही तसेच आहे. भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहोत. रात्री ८:३० ची फेरी हवी असेल तर तिथे १५:०० लिहावे लागेल. मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंत तर सर्व्हरच्या दृष्टीने कालचीच तारीख चालू असते. म्हणून 'आजची तारीख' सर्व्हरला विचारू नये, नोंदीतलीच तारीख वापरावी. मागणीची वेळ 'टाइमस्टँपटीझेड' (वेळक्षेत्राचे भान ठेवणाऱ्या) प्रकारच्या कॉलमात ठेवावी.

भोगावतीकाठ

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण प्रश्न याच जातीचा आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीची अशीच नोंद करावी असे आमच्या गावातल्या मुलांच्या मनात आहे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळ्यांचे लक्ष त्या पट्टीकडे लागते. पातळी फूट आणि इंचांत सांगितली जाते. ती कशी साठवावी?

कागलची_लेक

भोगावतीकाठ, फूट आणि इंच हे दोन वेगळे पूर्णांक म्हणून वाचा आणि साठवताना एकूण इंच किंवा मीटर करा. दशांशचिन्हाने लिहिलेली पातळी कधीही सरळ संख्या म्हणून घेऊ नका. ३९ फूट १० इंच ही पातळी कोणी '३९.१०' अशी लिहिली, तर संख्या म्हणून ती ३९.१ होते, आणि मग ती ३९ फूट १ इंच यापासून वेगळी ओळखता येत नाही. धोका पातळीच्या आसपास नऊ इंचांचा फरक म्हणजे घर सोडायचे की थांबायचे, याचा निर्णय असतो.

पन्हाळा_पायथा

आणि ते यंत्र नदीकाठच्या घरात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. ज्या दिवसांची नोंद सर्वांत मोलाची, नेमक्या त्याच दिवसांत वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात. नोंद घेणारा सर्व्हर पूररेषेच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या शहरात असावा. करवीरवासी, हे गुळाच्या दरांनाही लागू आहे.

भोगावतीकाठ

दोघांचेही आभार. पट्टीसाठी वेगळा धागा काढतो, इथे गुळाचेच चालू द्या.

कागलची_लेक

गुळाकडे परत येताना नावांविषयी सांगायचे राहिले. एपीआयमधली नावे इंग्रजी लिपीत आहेत आणि गाळणी (फिल्टर) लावताना शेतमालाचे नाव कंसासकट तंतोतंत द्यावे लागते, नाहीतर रिकामी यादी येते आणि ती चूक आहे असे कुठेच दिसत नाही. तुम्ही मराठी नावांचे वेगळे टेबल कराल, तेव्हा देवनागरीचीही काळजी घ्या. 'गुऱ्हाळ' मधला 'ऱ' युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो आणि 'र' खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. मजकूर आत घेताना एनएफसी या प्रमाण रूपात आणला की दोन्हींचे एकच रूप होते.

करवीरवासी

आतापर्यंतच्या चर्चेवरून आराखडा असा झाला आहे. प्रतिसाद आधी कच्च्या टेबलात जाईल आणि त्यातून वाचलेल्या नोंदी दरांच्या टेबलात जातील. दरांच्या टेबलावर बाजार, शेतमाल, वाण, प्रत आणि तारीख यांची मिळून एक अनन्य की (तीच जुळणी दुसऱ्यांदा येऊ न देणारे बंधन) असेल. नोंद घालताना पोस्टग्रेसचे 'इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' वापरीन. म्हणजे तीच नोंद पुन्हा आली तर नवी ओळ न होता जुनीच अद्ययावत होईल, आणि फेरी संध्याकाळी, रात्री व पहाटे अशी कितीही वेळा चालवता येईल. मूळ प्रश्नाचे हे उत्तर पुरेसे आहे का?

उद्यमनगरी

दिशा अगदी बरोबर आहे, पण तीन ठिकाणी ती कच्ची आहे.

प्रत किंवा वाण रिकामे आले तर काय, हे आधी ठरवा. पोस्टग्रेसच्या अनन्य कीमध्ये एक 'नल' (मूल्यच नसलेली जागा) दुसऱ्या 'नल'च्या बरोबरीचा धरला जात नाही. म्हणजे प्रत नसलेली तीच नोंद दहा वेळा आली, तर दहा ओळी होतील आणि की एकदाही हरकत घेणार नाही. २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' असे सांगता येते. त्याआधीची आवृत्ती असेल तर ते कॉलम 'नॉट नल' करून रिकाम्या जागी ठरावीक मूल्य भरा.

दुसरे असे की, एकाच इन्सर्टमध्ये एकच की दोनदा आली तर 'डू अपडेट' असलेला आदेश त्रुटी देऊन थांबतो, कारण एका आदेशात तीच ओळ दोनदा बदलायला पोस्टग्रेस तयार नसते. याद्या पानापानाने मागवताना हे सहज घडते. पहिले पान आणल्यावर दुसरे मागेपर्यंत मध्ये नवी नोंद भरली गेली, तर ओळी सरकतात आणि एखादी नोंद दोन्ही पानांवर येते किंवा एखादी दोन्हींतून सुटते. म्हणून आधी नोंदींमधली पुनरावृत्ती काढा, आणि प्रतिसादातील 'टोटल' हा आकडा पहिल्या व शेवटच्या पानावर तोच आहे का, हे पडताळा. बदलला असेल तर पूर्ण यादी पुन्हा मागवा. शेतमालाची गाळणी लावून सगळी यादी एका पानात बसत असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

तिसरे, 'डू अपडेट' जुना दर पुसतो. बाजार समितीने संध्याकाळी भरलेला दर रात्री दुरुस्त केला, तर आधीचा आकडा कोणता होता हे दरांच्या टेबलातून कळणार नाही. दर खरोखर बदलला असेल तेव्हाच जुनी ओळ वेगळ्या इतिहासाच्या टेबलात टाका. त्यासाठी तुलना 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' ने करा, म्हणजे नलचीही तुलना नीट होते.

सध्या_पुण्यात

सूचनेचा माझा मुद्दा पुन्हा मांडतो. त्रुटी आली तरच संदेश पाठवणारी व्यवस्था अपुरी आहे, कारण जी फेरी सुरूच झाली नाही ती त्रुटीही देत नाही. उलट बाजूने तपासा. सर्व्हरपासून स्वतंत्र असलेल्या दुसऱ्या ठिकाणाहून रोज रात्री कच्च्या टेबलातील शेवटच्या यशस्वी मागणीची वेळ पाहावी आणि ती ठरलेल्या तासांपेक्षा जुनी असेल तर गटातल्या दोघांना तरी फोनवर संदेश जावा. दोघांना अशासाठी की एकाचा फोन बंद असू शकतो आणि दिवस मात्र थांबत नाही.

निवृत्त_सांख्यिकी

एक शंका आहे. नोंद आजपासून सुरू झाली तर तुलनेसाठी मागचे हंगाम कुठून आणणार? त्याच संकेतस्थळावर वाणनिहाय दरांचा जुना संचही वेगळा उपलब्ध आहे. तो आणलात, तर रोजच्या नोंदींत तो बेमालूम मिसळू नये अशी माझी विनंती आहे. वाण आणि बाजार यांच्या नावांचे लेखन दोन्हीकडे सारखेच असेल असे गृहीत धरू नका.

करवीरवासी

त्यासाठी दरांच्या टेबलात 'स्रोत' आणि 'कच्च्या नोंदीचा क्रमांक' असे दोन कॉलम वाढवतो, म्हणजे कोणताही आकडा कुठून आला ते एका प्रश्नात कळेल. अनन्य कीमध्येही स्रोत घेतो, म्हणजे जुना संच रोजच्या नोंदीवर चढणार नाही. आमच्याकडे पोस्टग्रेसची १४ वी आवृत्ती आहे, तेव्हा वाण आणि प्रत 'नॉट नल' करून रिकाम्या जागी 'अनिर्दिष्ट' भरतो. कच्चे टेबल आणि ते भरणारी फेरी आज रात्रीच सुरू करतो. वाचण्याचा टप्पा, इतिहासाचे टेबल आणि संदेशाची व्यवस्था या आठवड्यात सवडीने लिहिता येईल, कारण मजकूर आता साठत राहणार आहे. टेबलांची संपूर्ण रचना उद्या याच धाग्यावर टाकतो. उद्यमनगरी आणि कागलची_लेक यांनी ती कृपया तपासून द्यावी.

कागलची_लेक

नक्की. कच्च्या टेबलाचा बॅकअप मात्र आजच लावून ठेवा, आणि तो त्याच सर्व्हरवर नको.